सायक्स आडनावाचा माग: इंग्रजी आडनावाच्या मुळाशी कसं जायचं, पायरी पायरीने

माळरानावर पक्षी बघायला जाणाऱ्यांना सायक्स लार्क माहीत असतो, तुरा असलेला छोटा तांबूस चंडोल, आपल्या दख्खनच्या पठारावर दिसणारा. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो कर्नल विल्यम हेन्री सायक्स, जन्म १७९०, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. खडकी आणि पुण्याच्या लढायांत होता, नंतर मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत गावोगाव फिरला आणि फिरता फिरता पक्षी, मासे, लांडगे, जे दिसेल ते लिहून ठेवत गेला. पुढे १९२८ ते १९३३ मुंबईचे गव्हर्नर होते सर फ्रेडरिक सायक्स. आणि १९१६ चा तो सायक्स-पिको करार, मध्यपूर्व कागदावर वाटून टाकणारा, त्यातला मार्क सायक्स हा आपल्या यादीतला तिसरा माणूस.

तिघं एका घराण्यातले का? पक्षीवाला सायक्स यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा, गव्हर्नर लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये जन्मलेला, आणि मार्कचं घराणं यॉर्कशायरच्या पूर्व टोकाला स्लेडमियरचं, मूळचे हल बंदराकडचे व्यापारी. आडनाव एक आहे एवढ्यावरून नातं अजिबात सांगता येत नाही, ना जवळचं ना लांबचं. ते सांगायचं तर कागद लावत लावत मागे जावं लागतं, आणि ते नेमकं कसं करायचं ते मी इथे सगळं लिहितोय. उदाहरण सायक्सचंच घेतो कारण या आडनावावर काम खूप झालंय आणि पद्धत कुठल्याही इंग्रजी आडनावाला लागू पडते. तुमच्या घरात कोणी इंग्रज पणजोबा असतील, मुलगी-जावई तिकडे असतील, नाहीतर शिवडीच्या किंवा पुण्याच्या जुन्या गोऱ्यांच्या स्मशानात एखाद्या दगडावर नाव वाचून उत्सुकता लागली असेल, सगळ्यांना उपयोग होईल.

आधी प्रश्न नीट ठरवा

लोक "आडनावाचा इतिहास" म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. आडनावाचा अर्थ काय, ते पहिल्यांदा कुठल्या गावात चिकटलं, आणि माझं घराणं त्या गावातल्या माणसापर्यंत खरंच पोचतं का. पहिल्याचं उत्तर डिक्शनरीत पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्याला नकाशा आणि जुन्या कराच्या याद्या लागतात. तिसऱ्याला महिने किंवा वर्षं जातात आणि तोच खरा इतिहास. गडबड अशी होते की पहिलं उत्तर मिळालं की तिसरंही मिळालं असं वाटायला लागतं.

अर्थाचं उरकून घेऊ. इंग्रजी आडनावं ढोबळमानाने धंद्यावरून, गावावरून, घराजवळच्या खुणेवरून, बापाच्या नावावरून किंवा टोपणनावावरून आलेली असतात. सायक्स हे खुणेवरून. उत्तर इंग्लंडात साइक म्हणजे छोटा ओढा, बऱ्याचदा दलदलीतून वाहणारा आणि दोन जमिनींमधली हद्द असणारा. यॉर्कशायरच्या बोलीत हा शब्द अजून जिवंत आहे. आपल्याकडे ओहोळ आडनाव आहेच की, तसंच हे. दक्षिणेत याच शब्दाचा उच्चार सिच झाला, म्हणून तिकडे सिच आडनाव सापडतं, आणि तुमच्या हातातलं आडनाव सायक्स असेल तर उत्तरेकडे तोंड करून शोधायला लागायचं हे तेवढ्यावरूनच कळतं. जुन्या कागदांत ते "देल सिक", "अटे साइक" असं येतं, म्हणजे ओढ्याचा, ओढ्याजवळचा. शेवटचा स नंतर चिकटला.

डिक्शनरी कुठली बघायची? २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा चार खंडांचा कोश काढला, पंचेचाळीस हजारांच्या वर आडनावं आहेत, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाखाली जुने दाखले सालासकट आणि जागेसकट दिलेत. महाग आहे पण इंग्लंडातल्या पुष्कळ लायब्रऱ्यांच्या कार्डावर ऑनलाइन बघता येतो. नेटवर "तुमच्या आडनावाचा इतिहास" विकणाऱ्या साइट्सवर पैसे घालू नका. आणि त्याच साइट्स आडनावाची ढाल-चिन्हं फ्रेम करून विकतात ती तर अजिबात घेऊ नका, कारण इंग्लंडात कोट ऑफ आर्म्स आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतो आणि त्याच्या सिद्ध झालेल्या वंशजांना चालतो. हे काम लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासून बघतंय.

पायरी १: जिवंत टोकापासून सुरुवात

सगळ्यात जवळच्या माणसापासून मागे जायचं, एकेक पिढी, आणि प्रत्येक दुव्याला एक कागद. उलटं, म्हणजे कोणीतरी प्रसिद्ध सायक्स धरायचा आणि तिथून खाली आपल्यापर्यंत ओढत आणायचं, हे कधीही करू नका, त्यात मनासारखंच उत्तर निघतं.

घरातलं आधी गोळा करा. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, फौजेची कागदपत्रं, बायबलच्या पहिल्या पानावरच्या नोंदी, फोटोच्या मागचं लिखाण. म्हाताऱ्या माणसांना विचारताना "आपण मूळचे कुठले" असं विचारू नका, "आजी कुठल्या रस्त्यावर राहायची, कुठल्या गिरणीत जायची, चर्चला जायची की चॅपलला" असं विचारा. चर्च की चॅपल हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते पुढे कळेल. आणि पहिल्या दिवसापासून एक एक्सेल शीट ठेवा, त्यात कुठली नोंद, कुठून मिळाली, कधी बघितली, मूळ पान बघितलं की नुसता इंडेक्स. कंटाळवाणं वाटतं पण वर्षभराने हीच शीट तुम्हाला वाचवते.

पायरी २: सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी, १८३७ पासून

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ ला. इंडेक्स तिमाहीचे असतात, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. फ्रीबीएमडी नावाच्या साइटवर ते फुकट शोधता येतात. जनरल रजिस्टर ऑफिसचा स्वतःचाही ऑनलाइन इंडेक्स आहे, लॉगिन फुकट, आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिसतं, जुन्या छापील इंडेक्समध्ये ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. सायक्ससारख्या आडनावाला ही सोय फार मोलाची, कारण हडर्सफील्ड जिल्ह्यात एकाच तिमाहीत दोन-तीन जॉन सायक्स जन्मलेले सहज सापडतात आणि त्यातला आपला कुठला हे आईच्या आडनावावरूनच कळतं.

पैसे मोजके असतील तर आधी लग्नाचा दाखला मागवा. त्यात नवरा-नवरी दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो, म्हणजे एका कागदात दोन पिढ्या. आयांची नावं मात्र त्यावर २०२१ पासूनच यायला लागली. वयाच्या जागी "फुल एज" लिहिलं असेल तर एवढंच समजायचं की एकवीस पूर्ण. जुन्या मृत्यूदाखल्यात आई-वडील नसतात, तो मागवायची घाई नको.

एक लक्षात ठेवा, १८७५ च्या आधी जन्म नोंदवला नाही तर आई-बापाला फारसा धाक नव्हता, म्हणून सुरुवातीच्या काळात नोंद नाही सापडली तर माणूसच नव्हता असं नाही, बाप्तिस्म्याकडे वळायचं.

पायरी ३: सेन्सस

१८४१ पासून दर दहा वर्षांनी नावानिशी जनगणना आहे आणि १०० वर्षांनी ती खुली होते, सगळ्यात ताजी १९२१ ची, २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही, त्या पोकळीत सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर उपयोगी पडतं.

१८४१ च्या पानावर पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, म्हणजे ३० लिहिलंय तो ३४ चाही असू शकतो, आणि जन्मगाव नसतं, नुसतं "याच काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) का" याचं हो-नाही. म्हणून १८५१ पर्यंत जगलेला पूर्वज मिळाला की सोनं, कारण तिथे जन्माचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गाव-परिसर, लिहिलेला असतो आणि तोच तुम्हाला पुढच्या पायरीचं दार उघडून देतो. १९११ चा फॉर्म तर घरातल्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला आहे, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती वारली, सगळं. मुलांची संख्या आणि त्यातली गेलेली हे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की हात थांबतो थोडा वेळ.

शोधताना स्पेलिंगवर विश्वास नको. सायक्सचं पहिलं अक्षर जुन्या वळणाचं असलं की नकलून घेणाऱ्याने लायक्स, डाइक्स काहीही वाचलेलं असतं. मधे वाय आणि आय दोन्ही टाकून बघा, वाइल्डकार्ड (न कळलेल्या अक्षराच्या जागी * सारखी खूण) वापरा, आणि तरी नाही मिळालं तर आडनाव काढून टाकून नुसतं नाव, वय आणि जन्मगाव टाका.

पायरी ४: नकाशा

१८८१ ची जनगणना फॅमिलीसर्च साइटवर फुकट आहे आणि आडनाव अभ्यासणारे तीच धरून चालतात, कारण गिरण्या आणि रेल्वेने माणसं हलवली तरी तोपर्यंत बरीच आडनावं आपापल्या जागेला चिकटून होती. आडनाव टाका, काउंटीप्रमाणे आकडे काढा, मग त्या काउंटीत पॅरिशप्रमाणे. सायक्स टाकलं की यॉर्कशायरचा वेस्ट रायडिंग म्हणजे पश्चिम भाग, त्यातही हडर्सफील्डच्या आजूबाजूची कोल्न आणि होम नद्यांची खोरी गच्च भरलेली दिसतात आणि दक्षिण इंग्लंड जवळजवळ रिकामं. नुसते आकडे बघू नका, तिथल्या एकूण लोकसंख्येच्या मानाने बघा, नाहीतर लंडन प्रत्येक आडनावाचं माहेर वाटेल.

हा नकाशा पुरावा नाही, पण दिशा आहे. तुमचं घराणं १८५१ ला केंटमध्ये असेल तर कोणीतरी आधी उत्तरेहून खाली आलं असण्याची शक्यता मोठी, मग फौज, सरकारी नोकरी, व्यापार असल्या कारणांकडे लक्ष ठेवा.

पायरी ५: पॅरिश रजिस्टर

इथून खरी मजा आणि खरे कष्ट. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायचं. सुरुवातीला कागदावर लिहायचे, मग १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घ्या असं ठरलं आणि एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या म्हणजे १५५८ पासूनच्या तरी उतरवा अशी सूट मिळाली, म्हणून पुष्कळ गावांची रजिस्टरं १५५८ लाच सुरू होतात. त्याच वेळी दरवर्षी एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत पडली, तिला बिशप्स ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, आणि मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल किंवा पुसट असेल तर ही नक्कल बघायची. कधी कधी नकलेत मूळापेक्षा एखादा शब्द जास्त असतो, त्यामुळे दोन्ही असतील तर दोन्ही बघा.

पश्चिम यॉर्कशायरची बरीचशी रजिस्टरं स्कॅन होऊन अँसेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहेत, पैसे भरावे लागतात, पण इंग्लंडात पब्लिक लायब्ररीत बसून बहुतेक ठिकाणी फुकट बघता येतं. फ्रीरेग आणि फॅमिलीसर्च फुकट.

आता एक नोंद जवळून बघू. हा नमुना मी समजावण्यासाठी तयार केलाय, पण अठराव्या शतकातल्या नोंदी साधारण अशाच दिसतात: "१४ फेब्रुवारी १७२३/४, जॉन, विल्यम सायक्सचा मुलगा, स्लॅथवेटचा, क्लोदियर". एका ओळीत किती आहे बघा. साल दोन का? कारण १७५२ पर्यंत इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे बरेचसे दिवस जुन्या वर्षात मोजले जायचे. आपल्या हिशोबाने हे १७२४. हे माहीत नसेल तर एप्रिल १७२३ ला लग्न आणि फेब्रुवारी "१७२३" ला पोर असं बघून माणूस चक्रावतो. मग गाव. हडर्सफील्ड पॅरिश अवाढव्य, त्यात डोंगरात लांब लांब वस्त्या, म्हणून स्लॅथवेटला त्याच चर्चचं वेगळं छोटं उपचर्च होतं (त्यालाही चॅपलच म्हणतात) आणि आपला माणूस मुख्य चर्चच्या वहीत न सापडता तिथल्या वहीत सापडू शकतो. स्थानिक लोक या गावाला स्लॉइट म्हणतात आणि कारकून ऐकेल तसं लिहायचा, म्हणून गावाच्या नावाचीही चार-पाच स्पेलिंगं जवळ ठेवा. शेवटी क्लोदियर, म्हणजे घरच्या घरी लोकर विणून कापड बाजारात नेणारा माणूस, थोडी शेती, दोन गायी आणि वरच्या मजल्यावर माग. या खोऱ्यांतले कितीतरी सायक्स हेच करत होते.

काही तारखा पाठच करून टाका. १६५३ ते १६६० म्हणजे ऑलिव्हर क्रॉमवेल (हा दुसरा) आणि त्याच्यानंतरचा राजाविना काळ, नोंदी विस्कळीत, कितीतरी वह्यांत सरळ खड्डा. १७३३ पर्यंत लॅटिन येऊ शकतं, पण चार शब्दांत काम भागतं, फिलियस म्हणजे मुलगा, फिलिया मुलगी, उक्सोर बायको, सेपुल्तुस पुरला. १७५४ पासून लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लावायची सक्ती, सूट फक्त क्वेकर पंथाच्या लोकांना आणि ज्यूंना. १८१३ पासून छापील फॉर्म, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि वस्ती हमखास.

आणि आता तो चर्च की चॅपलचा प्रश्न. या विणकरांच्या खोऱ्यांत मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट अशी चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळी झालेल्या पंथांची मंडळी पुष्कळ, आणि त्यांच्या प्रार्थनाघराला चॅपल म्हणतात. त्यांचे बाप्तिस्मे चॅपलच्या वहीत, त्या वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या आणि आता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ४ या मालिकेत आहेत. पण लग्न १८३७ पर्यंत पॅरिश चर्चमध्येच लावलेलं. म्हणून एखाद्या जोडप्याचं लग्न चर्चच्या वहीत मिळतं आणि पोरांचा पत्ताच नाही, असं झालं की घाबरायचं नाही, जवळचं चॅपल शोधायचं.

पायरी ६: सात जॉन सायक्समधला आपला कोण

बहुतेक वंशवृक्ष इथे चुकतात, म्हणून या पायरीला वेळ द्या. हडर्सफील्ड, अल्मंडबरी या भागात एकाच वेळी कितीतरी जॉन, जोसेफ आणि विल्यम सायक्स नांदत होते. नेटवरच्या रेडिमेड वंशवृक्षांत काय करतात, साल जुळणारा पहिला बाप्तिस्मा उचलायचा आणि पुढे. तसं करू नका.

उपाय एकच, त्या पॅरिशमधले आणि शेजारच्या पॅरिशमधले त्या काळातले सगळे सायक्स शीटमध्ये उतरवून घ्या, आपले असोत वा नसोत. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं तिन्ही. मग त्यांची कुटुंबं जुळवायला घ्या. प्रत्येक जॉनच्या बाप्तिस्म्यापुढे दफन तपासा, कारण त्या काळी लहानपणी जाणारी मुलं फार, आणि जो चार महिन्यांचा असताना गेला तो कोणाचाच पणजोबा नसतो. "विल्यम सायक्सचा मुलगा जॉन" असं दफन मिळालं की एक जॉन यादीतून गेला. दोन वर्षांनी त्याच आई-बापांनी पुन्हा जॉन नाव ठेवलेलं दिसेल, तेही पहिला गेल्याची खूण. उरलेल्यांना वस्तीने वेगळं करा, धंद्याने वेगळं करा, लग्नातल्या साक्षीदारांच्या सह्यांनी वेगळं करा. सही हा फार चांगला पुरावा आहे, १७५४ नंतर वर-वधू आणि साक्षीदार स्वतः सही किंवा फुली करतात, एकाच माणसाची सही लग्नाच्या वहीत आणि मृत्युपत्रावर शेजारी ठेवून बघता येते.

गावातल्या लोकांनाही हा घोळ होताच, म्हणून त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता. वेस्ट रायडिंगमध्ये आडनाव वापरायचेच नाहीत रोजच्या बोलण्यात, "जॉन ओ बिल्स ओ टॉम्स" म्हणायचे, टॉमच्या बिलचा जॉन. असं बोलीतलं नाव कुठे वहीत, थडग्यावर किंवा जुन्या स्थानिक पेपरात सापडलं तर तीन पिढ्या आयत्या हातात येतात. मला या सगळ्या शोधातली ही गोष्ट सगळ्यात प्रिय आहे, कारण बाकी कागद सरकारने किंवा चर्चने लिहिलेत आणि हे नाव शेजाऱ्यांनी दिलंय.

गरीब पूर्वज असेल तर पॅरिशच्या गरीब-मदतीचे कागद बघा. १६६२ च्या कायद्याने गरिबाला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये परत पाठवता यायचं, म्हणून न्यायाधीशापुढे त्याची चौकशी व्हायची, जन्म कुठे, चाकरी कुठे केली, लग्न कधी, आणि ती जबानी लिहून ठेवलेली असते. लग्नाबाहेर झालेल्या मुलाला बहुतेक वेळा आईचं आडनाव लागायचं, बापाकडून खर्च वसूल करायचे बॉण्ड याच गठ्ठ्यात मिळतात. तुमच्या सायक्सला आडनाव आईकडून आलेलं असू शकतं हे मनात ठेवा.

पायरी ७: मृत्युपत्रं

१२ जानेवारी १८५८ च्या आधी मृत्युपत्रं चर्चच्या कोर्टात सिद्ध व्हायची, नंतर सरकारी प्रोबेट (मृत्युपत्र सिद्ध करण्याच्या) रजिस्ट्रीत, तिचं वार्षिक कॅलेंडर ऑनलाइन आहे. यॉर्कशायरसाठी जुनी मृत्युपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये. श्रीमंत किंवा दोन प्रांतांत मालमत्ता असलेल्यांची कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात, ती नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत. विणकर म्हणजे कफल्लक असं समजून ही पायरी सोडू नका, क्लोदियर लोक माग, लोकर, एक गाय, घराची लीज मुलांत वाटून गेलेत आणि त्यात जावयांची, नातवंडांची नावंही येतात. पॅरिशच्या वहीत चार विल्यम असतात, पण "माझा मुलगा विल्यम, जो आता लीड्समध्ये राहतो" हे वाक्य मृत्युपत्रातच मिळतं.

पायरी ८: १५३८ च्या मागे

सामान्य घराण्याची सलग साखळी इथे बहुतेक तुटते आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. १०८६ च्या डूम्सडे बुकमध्ये, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनीच्या पाहणीत, आपला विणकर शोधायला जाऊ नका. फ्रान्सकडून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर वंशपरंपरागत आडनावं आधी सरदारांत आली, मग दक्षिणेत खाली झिरपली, आणि उत्तरेत तर चौदाव्या शतकाच्या शेवटीही बापाचं आडनाव एक आणि मुलाचं भलतंच असं चाललेलं होतं.

इथे आता माणूस शोधायचा नाही, आडनाव कुठे कुठे आहे ते शोधायचं. आधी चूल-कर, हार्थ टॅक्स, १६६२ ते १६८९, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. गावाप्रमाणे घरमालकांची नावं मिळतात, आणि चुलींच्या आकड्यावरून घर केवढं होतं तेही. मग त्याच्या मागे थेट १३७९ चा पोल टॅक्स, सोळा वर्षांवरच्यांवर लावलेला, साध्या जोडप्याला चार पेन्स. वेस्ट रायडिंगच्या याद्या फार छान टिकल्यात आणि १३७७, १३७९, १३८१ तिन्ही वर्षांच्या याद्या कॅरोलिन फेनविक यांनी तीन खंडांत संपादित केल्यात. त्यात "देल सिक" धाटणीची नावं कुठल्या गावांखाली येतात ते उतरवा आणि तुमच्या १८८१ च्या आणि चूल-कराच्या नकाशावर ठेवा. तीन नकाशे एकाच खोऱ्यावर बोट ठेवत असतील तर आडनावाचं माहेर जवळपास हाती आलं.

याहून मागे जायचं तर वेकफील्ड मॅनरच्या (जहागिरीच्या) कोर्टाचे रोल, म्हणजे गुंडाळीवरच्या नोंदी, आहेत, १२७४ पासून १९२५ पर्यंतचे, आता लीड्स विद्यापीठाच्या लायब्ररीत. कोणी कोणाची गाय कोंडली, कोणी जमीन कोणाला दिली, कोणी दारू पातळ विकली, सगळं. मूळ लॅटिन, पण बरेच खंड इंग्रजीत भाषांतर होऊन छापलेत. जमीन बापाकडून मुलाकडे जाताना नोंद व्हायची म्हणून नातं सिद्ध होतं, आणि तेराव्या-चौदाव्या शतकातल्या साध्या माणसाबद्दल एवढं इंग्लंडात फार थोड्या ठिकाणी मिळतं. जुनं अक्षर वाचायला नॅशनल आर्काइव्ह्जचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, तो करा, सेक्रेटरी हँड म्हणतात त्या वळणात इ आणि ओ, सी आणि टी सारखेच दिसतात. रोज एक पान वाचायचं, सवयीने डोळा बसतो.

पायरी ९: डीएनए

सायक्स आडनाव जगभर गाजलं ते इथे. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांचे नमुने घेतले आणि २००० मध्ये निष्कर्ष छापले. वाय क्रोमोसोम फक्त पुरुषांत असतो आणि बापाकडून मुलाकडे जातो, आडनावही तसंच जातं, म्हणजे दोघांचा रस्ता एक. उत्तर इंग्लंडात ओढे हजारो, त्यामुळे हे आडनाव ठिकठिकाणी वेगवेगळं उगवलं असणार असंच सगळे धरून चालले होते. निघालं असं की जवळजवळ निम्म्या पुरुषांचा वाय नमुना एकच, आणि तो त्या भागातल्या इतर आडनावांच्या लोकांत आढळला नाही. म्हणजे एक मूळ पुरुष असावा. उरलेल्यांचं स्पष्टीकरण सातशे वर्षांत दर पिढीला सरासरी १.३ टक्के, इतक्या कमी प्रमाणात बापाची रेषा बदलत गेली तरी होतं, त्यात दत्तक, आईचं आडनाव लागणं, सगळंच आलं.

माझं मत विचाराल तर हा निकाल मोठाच आहे पण आंधळेपणाने घ्यायचा नाही. त्यांनी चारच मार्कर (डीएनएवरच्या तुलनेच्या जागा) तपासले होते, आता ३७ किंवा १११ मार्करच्या टेस्ट साध्या झाल्यात. आणि एकच नमुना टिकला म्हणजे सुरुवातीला एकच सायक्स होता असं नाही. १३४८-४९ च्या प्लेगमध्ये घराणीच्या घराणी गेली, कितीतरी ओढ्यांकाठचे सायक्स मुलगा न राहिल्याने संपले असतील, आणि एका घराला मुलगे होत गेले म्हणून ते पसरलं. त्यामुळे डीएनए कागदाला जोड आहे, बदली नाही. स्मिथसारख्या धंद्यावरच्या आडनावात तर वायचा काही मेळच लागत नाही, विरळ आडनावांत छान लागतो.

टेस्ट करायची तर आडनावाच्या थेट पुरुष-रेषेतला माणूस लागतो, बाई शोध घेत असेल तर भाऊ, वडील, काका. टेस्टच्या आधी घरच्यांशी बोला. दोन चुलतभावांचे नमुने जुळले नाहीत तर जिवंत माणसांच्या घरात वादळ येतं, आणि ते उत्तर ऐकायची सगळ्यांची तयारी आहे का हे आधी विचारणं तुमचं काम आहे.

पायरी १०: भारतात येऊन राहिलेला सायक्स

आपल्याकडच्या वाचकांसाठी हे वेगळं लिहितो. थडग्यावर किंवा घरातल्या कागदावर इंग्रजी आडनाव मिळालं तर आधी फिबिस बघा, ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिचा डेटाबेस फुकट शोधता येतो. मूळ नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन/३ या मालिकेत, आणि त्यांचे स्कॅन फाइंडमायपास्टवर पैसे भरून बघता येतात. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, सगळ्या छावण्यांतल्या चर्चच्या नकला तिकडे गेलेल्या आहेत.

यात मिळेल हुद्दा, पलटण आणि तारीख. इंग्लंडातलं गाव बहुतेक मिळणार नाही, आणि गाव मिळाल्याशिवाय पॅरिश रजिस्टरपर्यंत उडी मारता येत नाही. म्हणून मधला पूल शोधायचा. ब्रिटिश फौजेचा शिपाई पेन्शनवर सुटला असेल तर नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या डब्ल्यूओ ९७ मालिकेत त्याचा सुटकेचा कागद, त्यावर जन्माचा पॅरिश, आधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंगसुद्धा. कंपनीच्या फौजेचा अधिकारी असेल तर इंडिया ऑफिसचे कॅडेट पेपर्स, १७८९ ते १८६०, वयाचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला त्यात जोडावा लागायचा. आपल्या पक्षीवाल्या कर्नलसारख्या माणसाची यॉर्कशायरची बाजू अशीच पक्की करायची असते.

भारतात इंग्रजी आडनाव म्हणजे इंग्रज रक्त असंही गृहीत धरू नका. आडनाव मिशनमधून, बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याकडून, आश्रयदात्याकडून आलेलं असू शकतं, आणि त्या घराण्याचा इतिहास तेवढाच खरा आणि तेवढाच मोलाचा आहे, फक्त तो यॉर्कशायरमध्ये न शोधता मिशनच्या रजिस्टरमध्ये शोधायचा.

अडलात तर

हडर्सफील्ड आणि परिसराची फॅमिली हिस्टरी सोसायटी आहे, जवळपास प्रत्येक इंग्लिश भागाची असते. वर्गणी थोडी, आणि तिथली मंडळी थडग्यांचे लेख स्वतः जाऊन उतरवून आणतात. एकाच आडनावावर काम करणाऱ्यांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज १९७९ पासून आहे, तुमचं आडनाव कोणी नोंदवलंय का ते त्यांच्या साइटवर बघा. ईमेल लिहिताना सगळी कहाणी लिहू नका, एक माणूस, एक गाव, एक साल, काय काय बघून झालं आणि नेमकं काय हवंय एवढंच. आणि तुमच्याकडे पक्का पुरावा असलेला एखादा दुवा असेल, मूळ पानाच्या फोटोसकट, तर तोही त्याच ईमेलला जोडून पाठवा, समोरच्याच्या वंशवृक्षात कदाचित नेमकी तीच जागा रिकामी असेल.